आईनं बघायचं नसतं

चंदननगर
५ सप्टेंबर

संघमित्रादी,

पाकिटाच्या मागे 'नंदी' हे आडनाव वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाचा. मी पूरबी, तापसची दुसरी बायको. आपण आयुष्यात एकदाच भेटलोय. तुम्ही हार्मोनियम न्यायला आला होतात आणि मी केलेला चहा अर्धा टाकून गेला होतात. चहा वाईट होता, मला माहीत आहे.

तुमच्या झिनुकचं लग्न ठरलंय हे तिनं तुम्हाला फोनवर सांगितलं असेलच. पूजेच्या दिवसांत ती तुम्हाला फोन करते ते मला माहीत आहे. मी खोलीत आले की आवाज बारीक करते. मला घाबरून नाही, मला वाईट वाटेल म्हणून. पोरगी तशी शहाणी आहे, फक्त तिला वाटतं आपलं शहाणपण कुणाला दिसत नाही.

मुलाचं नाव अर्क. बंगळूरला तिच्याच कचेरीत आहे, घर वर्धमानला. उंच आहे, कमी बोलतो आणि माशाचे काटे नीट काढतो, म्हणून मला पसंत पडला. लग्न अग्रहायणात, नोव्हेंबरच्या शेवटी, गोधूळीच्या मुहूर्तावर.

आता कामाचं बोलते. मी या गावात वीस-बावीस वर्षं लग्नाची तत्त्वं, दोन्ही घरांत जाणारी भेटींची तबकं, सजवते. तबकात साडीचा मोर करणं, धोतराचा हंस करणं, रोहू माशाला नथ आणि पदर घालून नवरी करणं, पाटावर तांदळाच्या पिठाची आल्पना काढणं, सगळं. गंगेकाठी स्ट्रँडवरच्या कुठल्याही घरात विचारा. पण घरच्या लग्नात माझं चालत नाहीये, कारण नवरी लग्नापर्यंत घरूनच काम करायला आली आहे आणि फोन घेऊन बसली आहे. फोनमध्ये शेकडो लग्नांचे फोटो. सगळी लग्नं फिकी. गुलाबी म्हणजे गुलाब पाण्यात बुडवून काढल्यासारखा, हिरवा म्हणजे आजाऱ्याच्या वरणासारखा. मी म्हटलं, "हे लग्न आहे की ब्लीचिंग पावडरची जाहिरात?" तर म्हणते, "मामणी, तुला कळत नाही, याला शांत रंग म्हणतात." तापसला विचारलं तर तो वर्तमानपत्राआडून म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." या घरात त्याच्याकडून आणखी काही मिळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

मग परवा ती माझ्याजवळ येऊन बसली. फोन उलटा ठेवला. म्हणाली, "यातलं काहीच नको. मला सारखी एक जमीन आठवते. आपल्या ओसरीची, लाल. कोजागरीच्या लक्ष्मीपूजेचा दिवस. माझ्या 'मा'नं आल्पना काढली होती. कडेनं वेल होती, धानाच्या लोंब्या होत्या, आणि एक छोटं पाऊल उलटं चाललं होतं. बाकी सगळी पावलं आत येत होती आणि ते एकटं बाहेर जात होतं. तसा पाट हवा मला."

मी विचारलं, "मग तुझ्या 'मा'ला विचार की."

तर म्हणाली, "नको. तिला वाटेल मी अजून तिथंच उभी आहे."

म्हणून मी विचारते आहे. त्या आल्पनेचा फोटो कुणाकडे नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी सांगितलं नसतंच. वेल कशी होती? लोंब्या किती मोठ्या? आणि ते उलटं पाऊल काय भानगड आहे? आल्पनेत लक्ष्मी घरातून बाहेर कोण काढतं?

फोन करता आला असता. फोनवर मला शब्द सापडत नाहीत, आणि सापडले की नको ते सापडतात.

उत्तर नाही आलं तरी राग मानणार नाही.

पूरबी


चंदननगर
२७ सप्टेंबर

संघमित्रादी,

तुमचं पार्सल आलं. पोस्टमन म्हणाला, "वहिनी, यातून पीठ सांडतंय." त्याला वाटलं शिलाँगहून कुणीतरी तांदूळ पाठवलाय.

तुम्ही खाकी कागदावर खरोखरच तांदळाच्या पिठानं आल्पना काढून पाठवलीत. पेन नव्हतं का घरात? निम्मी वेल वाटेतच गळून पडली होती. मी कागद उघडला तर मांडीवर नुसता पांढरा चुरा. आधी मी तुम्हाला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. मग कागद खिडकीशी धरला. पीठ ओलं असताना कागद जिथं जिथं आक्रसला होता, तिथं सुरकुती राहिली होती. डोळे मिटून बोट फिरवलं आणि वेल सापडली. तुमचा हात कुठं थांबला, कुठं वळला ते बोटाला कळत होतं. एका दुपारी मी अख्खी आल्पना बोटानं वाचली आणि पेन्सिलीनं उतरवून घेतली. पेननं काढली असतीत तर मला फक्त नक्षी मिळाली असती, हात मिळाला नसता. म्हणून ते चार शब्द मागे घेते.

आणि सोबतच्या चिठ्ठीत उलट्या पावलाची हकीकत. मला वाटलं होतं काहीतरी गूढ असेल. तर तीन वर्षांची झिनुक ओल्या आल्पनेतून पळत अंगणात गेली, सासूबाई ओरडल्या, आणि तुम्ही त्या फराट्याला टाच दिलीत, पाच ठिपके देऊन बोटं केलीत, झालं लक्ष्मीचं पाऊल. सासूबाईंनी मात्र ते धरून ठेवलं. मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, "तिनं लक्ष्मी बाहेर जाताना काढली, दोन वर्षांत स्वतःच गेली." मी नवी नवरी, मान डोलावली. आता कळतंय की ते पाऊल तुमचं नव्हतंच, पोरीचं होतं. आणि पोरगी तर या घरातून जाऊच दिली नाही कुणी. मला सगळं माहीत आहे दिदी. बाहेर लोक म्हणतात आई मूल टाकून गेली. घरात मी राहते. मूल कुणी अडवून धरलं ते मला भिंतींनीही सांगितलं असतं.

झिनुकला मी पावलाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "म्हणजे मला जे एवढी वर्षं आठवतंय ते माझंच पाऊल होतं?" आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा हलका होता. तुमच्या पिठानं एवढं केलं.

आता माझ्याकडून एक. हे मी फार वर्षं लिहीन लिहीन म्हणत होते. हार्मोनियम न्यायला आलात त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मला वाटलं भांडायला आलात. तुम्ही पदराला हात पुसत म्हणालात, "तिला झोपताना कानाची पाळी लागते चोळायला. स्वतःची नाही, दुसऱ्याची." एवढंच. आणि गेलात. त्याआधी रात्र रात्र ती भिंतीकडे तोंड करून जागी असायची आणि मी तिला गोष्टी सांगून थकायचे. त्या रात्री मी कानातलं काढून ठेवलं आणि कान तिच्यापुढे केला. जरा वेळानं छोटी बोटं आली. दिदी, माझ्या पोटी मूल नाही झालं. मी आई झाले ती त्या रात्री, आणि किल्ली तुम्ही दिली होतीत. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, रडू दे पोरगी, कळू दे यांना. तुम्ही तसं केलं नाहीत. याचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे ते मला येत नाही, मला साडीचा मोर करता येतो.

लग्नाला या. हे मी एकटी म्हणत नाही. तापसला विचारलं. त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, जे तो सहसा ठेवत नाही, आणि म्हणाला, "यायलाच हवं तिनं." आणि पाहुण्यांच्या यादीवरून बोट फिरवताना झिनुक तुमच्या नावाची जागा रिकामी सोडते, हे मी पाहिलंय.

आणि मला 'तुम्ही' म्हणायचं सोड, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या पत्रापासून बघते.

पूरबी


चंदननगर
१९ ऑक्टोबर

दिदी,

'तू' म्हणते आहे. लिहिताना हात अडखळतो, पण घोडं पुढं न्यायचं ठरवलंय.

सजावटीचं भांडण मिटलं आणि दोघी जिंकलो. झालं असं की मी नवरदेवाचा मुकुट, टोपोर, करून घ्यायला शोलावाल्या मालाकारांकडे गेले होते, झिनुकही बरोबर आली. तिथं शोलाचे ढीग पडलेले. तळ्यातल्या त्या गवताचा पांढरा, हलका गाभा आणि त्यातून कापलेली चाफ्याची, कदंबाची फुलं. ती उभीच राहिली. म्हणाली, "मामणी, हाच. हाच तो फिका रंग." मी म्हटलं, "अगं, हा तर आपल्या घरातला पांढरा. यासाठी तू बंगळूरहून एवढे फोटो धुंडाळलेस?" काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तर आता मांडव सगळा शोलाचा, हस्तिदंती पांढरा. खांबांना कदंबाची फुलं, वर चाफ्याच्या माळा. लाल रंग फक्त एकाच ठिकाणी, नवरीवर. बनारसी लाल, आलता लाल, कपाळ लाल. बाकी कुणी लाल नेसायचं नाही असा मी हुकूम काढलाय. बुलूदी तणतणतायत, त्यांनी लाल साडी आधीच घेऊन ठेवली आहे.

बुलूदींची तुझी ओळख मी करून द्यायला नको. तापसच्या थोरल्या बहिणीचा आवाज अजून तसाच आहे, गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. त्यांच्या दिरानं कमानीवर दिव्यांचा मोर लावायचं ठरवलंय. पिसारा उघडतो, मिटतो आणि दर वेळी रंग बदलतो. रोषणाईसाठी नावाजलेल्या आमच्या चंदननगरात दिवेवाला नातेवाईक असणं म्हणजे शिक्षाच. झिनुक म्हणाली, "मोर नको काका." तर तो म्हणाला, "बरं, मग मगर?" शेवटी मोरावर तडजोड झाली, पण एकाच रंगाचा आणि पिसारा मिटवायचा नाही.

पाट रंगवून झाला. तुझी वेल आणि लोंब्या. मधोमध पाऊल, बाहेर जाणारं. बुलूदींनी पाहिलं आणि ओरडल्या, "पूरबी, लक्ष्मी उलटी! पूस आधी." मी म्हटलं, "बुलूदी, पोरगी जायलाच निघाली आहे. पाऊल आत काढून तिला काय जन्मभर ओसरीत बसवून ठेवायचंय?" त्यांनी पुसायला उचललेलं फडकं खाली ठेवलं. असं या घरात कधीच घडत नाही, मी तारीख लिहून ठेवणार होते.

आता एक गोष्ट लिहिते जी लिहायची नव्हती.

लक्ष्मीपूजेच्या दुसऱ्या दिवशी सगळे लुच्या, मैद्याच्या पुऱ्या, खायला बसले होते. कोण कुठं बसणार, कोण शंख फुंकणार, झिनुकला पाटावर बसवून कोणते भाऊ उचलणार, असं चाललं होतं. आपल्याकडचा नियम निघाला. आई लेकराचं लग्न बघत नाही. मुहूर्ताच्या वेळी आतल्या खोलीत दार लावून बसते, नाहीतर नजर लागते. बुलूदींनी माझ्या ताटात आणखी एक लुची टाकली आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "तुझं बघ किती बरं आहे पूरबी. तुला काही आडकाठी नाही. तो नियम पोटच्या आईला. तू आपली खुशाल पुढं बसून सगळं बघ, एवढी सजावट केलीस."

सगळे म्हणाले, खरंच की. तापसही म्हणाला, "हो, तुला बघायला मिळेल."

माझ्या भल्यासाठीच म्हणाले सगळे. मी हसले. मी म्हटलं, अजून बटाट्याची भाजी आणते, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांड्यावर झाकण ठेवलं, काढलं, परत ठेवलं. दिदी, मला फार लागलं ते. किती मुलींचे पाट मी रंगवलेत आणि मुहूर्ताच्या वेळी त्यांच्या आया दाराआड कान लावून बसलेल्या पाहिल्यात. मी मनात म्हणायचे, हा काय नियम, नऊ महिने पोटात वाढवायचं आणि ऐन वेळी कोंडून घ्यायचं. आता कळलं, की ते कोंडून घेणं हाच मान असतो. ज्या बाईची नजर लागू शकते, तीच आई. माझी नजर लागत नाही म्हणाले. म्हणजे मी बघितलं काय आणि हलवायानं बघितलं काय.

रागानं लिहिते आहे, सोडून दे. तू येणार आहेस की नाही ते अजून कळवलं नाहीस.

पूरबी


चंदननगर
९ नोव्हेंबर

दिदी,

तुझं कार्ड आलं. "येते," एवढाच शब्द. त्यासाठी पोस्टकार्डाची एवढी मोठी जागा वाया घालवलीस. पण मी ते कार्ड स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलंय, आणि झिनुक पाणी प्यायच्या निमित्तानं सारखी तिथं येते.

घरात सांगितलं. तापस म्हणाला, "बरं झालं." बुलूदींचा मात्र चेहरा एकदम उजळला. म्हणाल्या, "देवानंच सोय केली. ती पोटची आई, म्हणजे नियमाप्रमाणे ती आत खोलीत बसणार. वर्धमानच्या पाहुण्यांनी विचारायलाच नको, ही कोण आणि ती कोण. तिचाही मान राहील आणि आपलीही लाज राहील." मग माझ्याकडे वळून, "तू तिला लिहून टाक पूरबी, तुझं तिच्याशी चांगलं जमलंय."

म्हणून लिहिते आहे. पण त्यांच्या शब्दांत नाही.

ती खोली तुझी आहे. नियमानं आहे आणि मीही तसंच मानते. लपवायला म्हणून तुला तिथं बसवलं तर मी बुलूदींच्या मोराच्या वायरी स्वतःच्या हातानं कापीन. पण आईची जागा म्हणून बसशील तर ती जागा मी झाडून, पुसून ठेवीन. वरच्या मजल्यावरची, जिन्याशेजारची कोपऱ्यातली खोली. तुला आठवत असेल, तुझा तानपुरा तिथंच असायचा. मी खिडकीला नवा पडदा शिवला, नवी चादर घातली. दारात आल्पना मी काढणार नाही, ती तुझ्या हातची बरी.

मी बाहेर बसेन. माझी सजावट एकदा पुरती बघेन, जे मला कुठल्याच लग्नात जमत नाही, कारण मुहूर्ताच्या वेळी मी आतल्या खोल्यांवरून मागच्या दारानं सुई-दोरा घेऊन निघालेली असते. झिनुक पाटावर बसून येईल, तोंडावर विड्याची पानं धरलेली, भाऊ तिला अर्कभोवती फिरवतील, मग ती पानं खाली घेऊन त्याच्याकडे बघेल. मी हे सगळं बघेन. कमी सुख नाही ते. हे मी स्वतःला रोज सांगते आणि निम्म्याहून जास्त वेळा पटतं.

उरलेल्या वेळी वाटतं की मलाही ते बंद दार हवं होतं. आता तुझ्यापासून काय लपवायचं. तू माझ्याकडून काही काढून घेते आहेस असं मला वाटत नाही. तू मला तिची सगळी शाळा दिलीस, सगळे ताप, गोवर, परीक्षा, पहिल्या नोकरीचा पहिला दिवस. त्या एवढ्या वर्षांत एकदाही कोर्टाची पायरी चढली नाहीस, पोरीशी फोनवर माझ्याविरुद्ध एक अक्षर बोलली नाहीस. मी कधी रागावले तर ती म्हणायची, "मामणी, मा म्हणते तू रागावतेस तेव्हा बरोबर असतेस." मला ते ऐकून आधी रागच यायचा, की ही कोण मला प्रमाणपत्र देणारी. मग झोपताना वाटायचं, मी तिच्या जागी असते तर असं म्हणाले असते का? नसते म्हणाले. मी तोंडाची फटकळ आहे.

तेव्हा एका संध्याकाळची ती खोली तुझी. मी मनापासून देते आहे.

येताना लाल नेसू नकोस. आणि शिलाँगच्या थंडीची शाल आण, अग्रहायणात इथं गंगेवरून वारा सुटतो.

पूरबी


चंदननगर
३ डिसेंबर

दिदी,

तू सकाळच्या पहिल्या गाडीनं हावड्याला निघून गेलीस आणि मला उठवलं पण नाहीस. तापस म्हणाला, "तिनं सांगितलं, झोपू दे तिला." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी या घरात मला झोपू दे म्हणालं असेल.

आता सगळी पाठवणी झाली, तत्त्व वर्धमानला पोचलं. तिकडच्या बायकांनी धोतराचा हंस मोडायला नकार दिलाय म्हणे, अर्कचे वडील जुनं धोतर नेसून बसलेत. घर रिकामं आहे. मांडवाचे बांबू उतरवतायत, आणि मी बसून तुला लिहिते आहे, कारण हे जर लिहिलं नाही तर मला घास उतरायचा नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी तू आलीस, झिनुकच्या कपाळावर, गालांवर चंदनाचे ठिपके चालले होते. तुम्ही दोघी आत, दार बंद. मी जिन्यात दोन कप चहा घेऊन उभी राहिले. चहा गार झाला तरी उभी राहिले. तुम्ही काय बोललात ते मी विचारणार नाही. दार उघडलं तेव्हा झिनुकच्या गालावरचे तीन ठिपके पुसले गेले होते आणि तुझ्या गालावर तेच तीन उमटले होते. ते पुरे मला.

मग संध्याकाळ. वऱ्हाड आलं, शंख वाजले, मोरानं बुलूदींच्या दिराचं न ऐकता पिसारा मिटायला सुरुवात केली. मी कात्री घेऊन डाव्या खांबाशी, कारण मांडववाल्यानं ती माळ तिरकी बांधली होती. भटजी म्हणाले, मुहूर्ताला थोडाच वेळ आहे, नवरीच्या आईनं आत जावं. बुलूदी तुझ्याकडे गेल्या. तुझ्या कोपराला धरून गोड आवाजात म्हणाल्या, "चल, तुझी खोली तयार आहे."

तू कोपर सोडवून घेतलंस, अगदी हळू. मी पाच हातांवर होते, मला स्वच्छ ऐकू आलं. तू म्हणालीस, "बुलूदी, मी पाहुणी आहे. शिलाँगहून एवढी आले ती लग्न बघायला." आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसलीस. वर्धमानच्या सगळ्या मंडळींसमोर. शाल नीट केलीस आणि मांडवाकडे तोंड केलंस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

दिदी, मला आधी काही समजलंच नाही. मला वाटलं तू रागावलीस. मग बुलूदींकडे पाहिलं. त्या तुझ्याकडे बघत होत्या, मग दाराकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता तो मला चेहऱ्यावर दिसत होता. पोटची आई पुढे बसून बघते आहे, म्हणजे तिनं आईचा मान आपण होऊन सोडला. मग आई कोण? त्यांचा चेहरा लाल झाला, त्या साडीसारखाच, जी त्या माझं न ऐकता नेसल्या होत्या. आणि त्या माझ्यावर खेकसल्या. गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा.

"तू काय बघत उभी राहिलीस? मुहूर्त लागतोय. आईनं बघायचं नसतं, एवढं कळत नाही? चल हो आत!"

माझ्या हातातली कात्री कुणी काढून घेतली ते आठवत नाही. बुलूदींनी मला पाठीला धरून जिन्याकडे ढकललं, अजून बडबडत होत्या, एवढी लग्नं केलीस आणि साधा नियम माहीत नाही, आज पोरीला नजर लावशील. मी मागं वळून बघायला लागले तर त्यांनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. आयुष्यात त्या मला इतकं रागावून बोलल्या नव्हत्या, आणि आयुष्यात मला कुणाचं बोलणं इतकं गोड लागलं नव्हतं.

त्यांनी बाहेरून कडी लावली. मी तुझ्यासाठी घातलेल्या चादरीवर बसले. खाली बायकांच्या उलूचा मंगल आवाज उठला, शंख वाजला. आता पाट उचलला असेल, म्हटलं. आता फेरे. हसण्याचा आवाज आला, कुणीतरी भाऊ पाटाखाली डगमगला असणार. मी आतून ओरडले, "डावीकडची माळ बघा रे, तिरकी आहे!" दाराबाहेरून बुलूदींचा आवाज, "गप्प बस, आई!" मग एकदम शांत झालं. ती पानं खाली घेण्याची वेळ. मी दाराला कान लावला, सगळ्या आया लावतात तसा, आणि रडले. लपून नाही, चांगली भोकाड पसरून रडले, बंद दाराचा तेवढा तरी फायदा.

तू काय केलंस ते तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. तुला त्या खोलीत बसता आलं असतं, कुणी नाही म्हटलं नसतं, मीही नाही. सगळ्या गावासमोर तिची आई म्हणून मान मिळाला असता, जो या घरानं तुला कधी दिला नाही. तू तो माझ्यासाठी सोडलास आणि वर असं दाखवलंस की तुला फक्त लग्न बघायची हौस. मी पायाला हात लावायला सकाळी खाली आले, तर तू गाडीत. पुढच्या वेळी असं पळून जाऊ देणार नाही. पौषात तांदळा-गुळाची गोड पिठे करते, तेव्हा ये. तापसला दोन दिवस वर्तमानपत्राआड बसू दे. शिवाय चहा आता मी बरा करते.

आता माझं एक मागणं. लग्नाचे फोटो आलेत. झिनुकनं पाठवलेत, अर्कच्या भावानं पाठवलेत, दिवेवाल्या काकानं तर मोराचेच तीस पाठवलेत. मी एकही उघडला नाही. शेजारच्या बायका सांगायला आल्या, त्यांनाही परत पाठवलं. मला आधी तुझ्याकडून हवं. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर तूच होतीस. पांढऱ्या मांडवात लाल कसं दिसलं, पाटावरचं पाऊल कुणाच्या लक्षात आलं का, ते सगळं सवडीनं लिही. पण तिनं पानं खाली घेतली तेव्हा तिचा चेहरा कसा होता, तेवढं आधी लिही, आजच लिही. मी तिची आई ना, मला बघता आलं नाही.

तुझी
पूरबी